मुंबई–न्यूयॉर्क: आई-बाबांसाठी थेट विमान घ्यावं की मध्ये थांबा?

कोथिंबीर_वडी
मंडळी, सल्ला हवाय. आई-बाबा (६८ आणि ७३) मे महिन्यात पहिल्यांदाच बहिणीकडे निघालेत. बाबांनी तिकीट पाहिलं: मुंबईहून रात्री दीडला उड्डाण, न्यूयॉर्कला सकाळी साडेसात. "सहाच तास तर आहेत, थांबा कशाला हवा?" मी समजावून थकले. त्यात आईचे गुडघे. काय करू?

ठाणे_पूर्व
मेमध्ये न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं (नोव्हेंबरात त्यांनी घड्याळ मागे घेतलं की साडेदहा). म्हणजे सहा अधिक साडेनऊ, साडेपंधरा तास खुर्चीत. येताना बाबा उलटे चक्रावतील. सकाळी अकराला निघून दुसऱ्या दिवशी साडेदहाला सहार! हवेत मात्र चौदाच तास, कारण वरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि विमानाला मागून रेटतात.

खिडकीवाला
अंतराची काळजी सोडा. थेट साधारण १२,५०० किमी. लंडनमार्गे ७,२०० आणि ५,५५०, म्हणजे दोन-अडीचशे किमीच जास्त. भिंतीवरच्या नकाशात पटत नाही, पण घरात पृथ्वीचा गोल असेल तर दोन शहरांमध्ये दोरा ताणून बघा, लंडन जवळजवळ वाटेतच येतं. दुबईमार्गेही चारेकशे किमीच वाढतात. वेळ खातो तो विमानतळावरचा मुक्काम. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, त्यामुळे त्यांच्या विमानांना वळसा पडू लागला. तेव्हा वेळ तिकिटावरचीच धरा, जुन्या धाग्यांवरची नको.

माहेरवाशीण
मी सासूबाईंना दोन्ही प्रकारे नेलंय. थेट प्रवासात दहाव्या तासानंतर पाय सुजले, मोजे घालूनही. पण सामान, गेट, कागद यांची धास्ती एकदाच. थांबा घेणार असाल तर अबूधाबी बघा. अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं, पलीकडे देशांतर्गत विमानासारखं सरळ बाहेर पडायचं. मात्र त्यासाठी हातात चार तास ठेवा आणि दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. व्हीलचेअर बुकिंग करतानाच मागा. आई "मी काय आजारी आहे का?" म्हणतील, तरी मागाच. औषधं हातातल्या पिशवीत. आणि आंबे नकोत हो, तिकडे काढून घेतात.

मुलं सोबत नसतील तर मी डोळे मिटून थेट विमान घेईन. सीट आतल्या वाटेकडची.

ठाणे_पूर्व
एक राहिलं. रात्री दीडचं विमान म्हणजे तारीख दुसऱ्या दिवशीची! तिकिटावर १२ मे असेल तर घरातून ११ च्या संध्याकाळीच निघायचं. आमच्या शेजाऱ्यांनी १२ च्या रात्री टॅक्सी बोलावली होती.

कोथिंबीर_वडी
बाप रे, मीही तेच करणार होते. टॅक्सीची तारीख आत्ताच बदलली. थेट विमानच घेतेय, मोजे आणि व्हीलचेअरसकट. बाबांना येतानाचे चोवीस तास दाखवले, तर म्हणाले, "मग भाडं निम्मं पाहिजे ना जाताना!"