अनुभव धागा : तेल, वीज आणि आपलं डावं राजकारण (बेळगाव सीमाभाग)

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात युनियनमध्ये, शेतकरी चळवळीत, लाल बावट्याखाली काम केलेल्यांसाठी हा धागा आहे. १९८१ चं निपाणीचं तंबाखू आंदोलन, विडी कामगार बायकांचे मजुरीचे लढे, बेळगावचे कम्युनिस्ट नेते कॉ. कृष्णा मेणसे यांच्यासारख्यांनी घातलेली आयुष्यं, हा आपला वारसा. त्या सगळ्यात प्रश्न वाटणीचा होता. पण वाटायचं ते ज्या इंधनाच्या जोरावर तयार होतं, त्याबद्दल आपण क्वचितच बोललो. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. तेल उद्या संपत नाही. मात्र सोपं आणि स्वस्त तेल आधी उपसलं गेलं, उरलेलं काढायला जास्त पैसा आणि जास्त ऊर्जा लागते, आणि आहे तेवढं सगळं जाळलं तर हवामान ते सोसणार नाही. टंचाईत वाटप होतंच. ते आपण ठरवलं नाही तर बाजारभाव ठरवतो. तुमच्या कामात हे कुठं जाणवलं ते लिहा.

उद्यमबाग (बेळगावची औद्योगिक वसाहत), सीएनसी म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर काम

आमच्या शॉपमध्ये क्रँकशाफ्टचं, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याचं, मशिनिंग चालतं. बेळगावात या एका पार्टवर किती घरं चालतात ते इथल्या माणसाला सांगायला नको. इलेक्ट्रिक गाडीत क्रँकशाफ्ट नसतोच. युनियनच्या बैठकीत मी विचारलं, पुढं काय करायचं? उत्तर आलं, आधी बोनसचं बघू. बोनस पाहिजेच, माझ्या पोरांची फी त्यातनंच जाते. पण ज्या मालाचा बोनस मागतोय तो मालच कमी होत गेला तर भांडायचं कुणाशी?

फौंड्रीतल्या, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यातल्या, दोस्तांचं आणखी अवघड आहे. विजेवरच्या इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट वीज लागते. मध्येच सप्लाय गेला तर अख्खी हीट, म्हणजे भट्टीतला सगळा वितळता माल, वाया, आणि त्या दिवशी घरी कोण जातं? कंत्राटी पोरं. वीजदर वाढला तरी पहिली कात्री त्यांनाच. वीजदर ठरवायच्या सरकारी सुनावणीत मालकांची संघटना कागदपत्रं घेऊन उभी असते, कामगारांकडून कुणी नसतं. माझं स्पष्ट मत आहे, ही यंत्रं आणि हे हात दुसऱ्या कामाकडं वळवायचा आराखडा युनियननं स्वतः करावा आणि तो वळवायचा काळ पगारी असावा.

शहापूर, निवृत्त शिक्षक

उद्यमबागवाल्या मित्रा, तू मागतोयस ते कामगारांनी एकदा करून दाखवलंय. १९७६ साली इंग्लंडमध्ये लुकास एरोस्पेसमधल्या कामगारांनी, नोकऱ्या जाणार हे दिसल्यावर, आपल्याच कौशल्यातून काय काय बनवता येईल याची योजना तयार केली. हीट पंप, पवनऊर्जेची यंत्रं, रस्त्यावर आणि रुळांवर दोन्हीकडं चालणारी गाडी. व्यवस्थापनानं ती नाकारली. तरी ती कागदावर आहे आणि ती कामगारांनी लिहिलेली आहे.

ऊर्जेचा विचार आपल्या परंपरेत उपराही नाही. १८८२ च्या डिसेंबरात एंगल्सनं मार्क्सला लिहिलेल्या पत्रात म्हटलंय की माणूस साठलेली सूर्याची उष्णता उधळतो आहे, आणि त्यात कोळसा, खनिजं, जंगलं यांचं नाव घेतलंय. पुढच्या काळात हा धागा मागं पडला, जास्त उत्पादन म्हणजेच समाजवाद अशी समजूत पक्की झाली. क्युबाला त्याचा फटका बसला. सोव्हिएत युनियनकडून येणारं तेल आटल्यावर १९९० नंतर तिथं बस बंद, ट्रॅक्टर उभे, लोक सायकलीवर. हाल फार झाले. पण रेशन सगळ्यांना होतं आणि शहरातल्या मोकळ्या जागांत सेंद्रिय भाजी पिकू लागली. ते दिवस हवेत असं मी म्हणत नाही. तयारी नसताना ते येऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

येळ्ळूर, भात आणि भाजीपाला

युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपयांच्या आसपास पडते, म्हणून स्वस्त वाटते. युरिया होतो नैसर्गिक वायूपासून आणि तो वायू बराचसा आयात होतो. खरी किंमत सरकार भरतं. टंचाई आली की गोणीवरचा भाव तोच राहतो, गोणीच मिळत नाही. मिळाली तर दुकानदार सोबत दुसरं खत गळ्यात मारतो. आमच्या परसात गोबरगॅस होता. पॉवर टिलर आला, बैल गेले, शेण कमी पडलं, गॅस बंद झाला, सिलिंडर आला. प्रत्येक पाऊल त्या वेळी बरोबरच वाटलं होतं. पण मिळून आमची चूल आणि आमचं शिवार दोन्ही परदेशातल्या भावाला बांधली गेली.

बेळगावजवळच्या हलगा-मच्छे बायपास रस्त्याविरुद्धच्या मोर्चात मी होते. पिकाऊ जमीन जाऊ नये एवढंच आम्ही बोललो. एवढा रस्ता कुणाच्या गाड्यांसाठी, आणि त्यांना पुढं तीस वर्षं तेल कुठून येणार, हे व्यासपीठावरून कुणी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

वडगाव, यंत्रमाग

सगळं पटतं, पण एक सांगतो. मागाला विजेची सवलत मिळाली तेव्हा आमचं घर सावरलं. ‘मर्यादा’ म्हटलं की पोटात गोळा येतो, कारण ती पहिली आमच्याच दारात येते.

धागाकर्ता

दादा, मुद्दा तोच आहे. कर्नाटक सरकारच्या २०२३ च्या गृहज्योती योजनेत घरच्या मोफत विजेला महिन्याला २०० युनिटचं छत आहे. म्हणजे गरिबासाठी मर्यादा आधीच लिहिलेली आहे. गारेगार बंगल्याला आणि मॉलला मात्र पैसे असतील तितकी वीज. छत वरूनही लागावं, ही मागणी डाव्यांनी करायची नाही तर कुणी?

चिकोडी तालुका, ऊस

२०२५ च्या नोव्हेंबरात बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लापूरला उसाला टनामागं ३,५०० रुपये मागत शेतकरी बसले, मीही गेलो होतो. मागणी रास्तच. आता कारखाने इथेनॉलकडं, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायच्या इंधनाकडं, वळलेत आणि ‘आपला ऊस, आपलं तेल’ असं भाषणात ऐकू येतं. हिशेब बघा. टनभर उसाच्या रसातून सुमारे ७० लिटर इथेनॉल, आणि एका लिटरात पेट्रोलच्या दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा. त्यासाठी घटप्रभेचं, कृष्णेचं पाणी, रात्री मोटर चालू करायला जाणारा माणूस, युरिया, ट्रॅक्टरचं डिझेल. उसाच्या दराबरोबर कुठल्या पिकाला किती पाणी हेही आपणच मांडलं पाहिजे. नाहीतर कोरडवाहू अथणीकर आणि बागायतदार एकमेकांवर धावून जातील.

कडोली, बाजाराला येणारी

जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाली. माझ्या गावच्या बायका बेळगावला कामाला येतात ते तिच्यामुळंच. एका बसमध्ये जेवढी माणसं मावतात त्यांच्या दुचाक्या काढल्या तर किती पेट्रोल जाईल, करा हिशेब. पण बस तेवढ्या वाढल्या नाहीत, पोरी दाराला लोंबकळतात. माझ्या मते तेलाचा प्रश्न आमच्यासाठी इथं सुरू होतो : जास्त बस, वेळेवर बस. आणि उद्यमबागच्या दादांनो, वीजदराच्या पुढच्या सुनावणीला कामगारांच्या नावानं हरकत द्यायची असेल तर मजकूर मराठीत पाठवा. कन्नडमध्ये मी लिहून देते, सह्या तुम्ही गोळा करा.