मुली खरंच जास्त नम्र बोलतात का? एम.ए.च्या प्रोजेक्टसाठी विचारतेय

अर्धवट_प्रबंध: भाषाशास्त्रात एम.ए. करतेय, विषय घेतलाय विद्यार्थी सरांना मेसेज कसे करतात. आमच्या ग्रुपवर मुली लिहितात 'सर प्लीज जमलं तर नोट्स पाठवाल का, सॉरी फॉर डिस्टर्बन्स' आणि मुलं सरळ 'सर नोट्स पाठवा'. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ रॉबिन लॅकॉफनी 1975 मध्ये म्हटलंच होतं की बायका जास्त आडवळणाने बोलतात, मग मी नुसते प्लीज-सॉरी मोजून मुलं विरुद्ध मुली असा तक्ता केला तर चालेल ना?

जुना_खडू: मोज, पण मराठीत त्याने फसशील. 'पाठवा' यातच आदर आलाय की, कुठला मुलगा सरांना 'पाठव' म्हणतोय? क्रियापद, अहो-जाहो, 'जरा', 'ना' हे सगळं बघावं लागेल. प्लीज हे आपल्याकडे बऱ्याचदा वरून भुरभुरलेल्या शेवेसारखं असतं. आणि लॅकॉफवर थांबू नकोस, ओबार आणि अ‍ॅटकिन्स या संशोधकांनी 1980 मध्ये अमेरिकेतल्या कोर्टातल्या साक्षी तपासल्या तेव्हा हीच 'बायकी' लक्षणं काही पुरुष साक्षीदारांतही निघाली आणि तज्ज्ञ म्हणून आलेल्या बाईंच्या बोलण्यात फारच कमी, म्हणजे हुद्दा आणि कोर्टाची सवय यांचा संबंध जास्त. शिवाय मादागास्करच्या एका गावात तर उलटंच, तिथे पुरुष आडून बोलतात आणि बाजारात घासाघीस करणं, कुणाला तोंडावर सुनावणं हे बायकांकडे, एलिनॉर ऑक्सचा 1974 चा अभ्यास आहे.

पंचगंगाकाठची: आमच्या कोल्हापूरला ये, आम्ही पोरी 'मी आलो, मी जेवलो' म्हणतोय, पुण्यात आल्यावर रूममेट हसली म्हणून तिच्यासमोर 'आले, गेले' सुरू केलं पण घरी फोन लावला की परत आलो-गेलो. आता तुझ्या तक्त्यात मला कुठं टाकणार? आणि मॅडमशी बोलताना आम्ही नम्रच असतोय हं, फक्त प्लीज नसतंय त्यात.

टपरीवर_भेटू: पोरं उद्धट वगैरे काही नाही, अटेंडन्स कमी पडली की बघा, 'सर प्लीज सर एकदाच सर' असं प्रत्येक शब्दाला सर लागतं 😄 सबमिशनच्या आठवड्यातले मेसेज गोळा कर.

अर्धवट_प्रबंध: हाहा, हे डोक्यातच आलं नव्हतं. मी प्रसंग लिहून देऊन 'इथे तुम्ही काय म्हणाल' असा फॉर्म भरून घेणार होते.

जुना_खडू: फॉर्ममध्ये सगळेच शहाण्यासारखं लिहितात, आणि मुलं तर फाजीलपणाच करतील. परवानगी घेऊन खरे मेसेज घे, नावं काढून टाक, आणि सर, सीनियर, मेसवाले काका असे वेगवेगळे कप्पे कर. मुलगा-मुलगी हा कॉलम ठेव पण तो एकटाच नको. मेसवाल्या काकांकडे जादा पोळी मागताना कोण कसं बोलतं ते मलाही वाचायला आवडेल.