स्टिकर इंटेलच्याच अंगाशी आला
अ‍ॅपलचा मॅक वापरणारे मॅकवाले आणि बाकीचे पीसीवाले, असे तट जाहिरातींनी पाडले असं म्हणतात, ते खरंच. पण पीसीच्या पोटातल्या चिपचं नाव लोकांच्या तोंडी बसवलं ते चिप बनवणाऱ्या इंटेलच्या 'इंटेल इनसाइड' या लोगोच्या स्टिकरने. १९९१ पासून कॉम्प्युटर कंपनीने तो लोगो छापला की जाहिरातखर्चाचा वाटा इंटेल उचलायची.

हेच पुढे अंगाशी आलं. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियम चिपमधल्या भागाकाराच्या तक्त्यात पाच नोंदी गाळल्याचं निघालं: ४१९५८३५ भागिले ३१४५७२७ चं उत्तर १.३३३८२ हवं, यायचं १.३३३७४. घरगुती वापरात कुणाला पत्ताही लागला नसता. पण नाव पाठ झालेलं गिऱ्हाईक कॉम्प्युटरवाल्याला सोडून थेट इंटेलच्या मागे लागलं. आधी 'चिप बदलायची खरंच गरज आहे हे दाखवून द्या' म्हणणाऱ्या इंटेलला डिसेंबरात मागेल त्याला चिप बदलून देणं भाग पडलं, फटका ४७.५ कोटी डॉलरचा.