१४७००के साठी लिक्विड कूलर, २४० घेऊ का ३६०? (पत्र्याची खोली, सांगली)

विश्रामबाग_एडिटर
मंडळी जरा अर्जंट सल्ला पाहिजे. लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो, खोली वरच्या मजल्यावर पत्र्याखाली. आय७ १४७००के प्रोसेसर घेऊन झालाय, ४०७० ग्राफिक्स कार्ड आहे, केस पण आलाय, फक्त कूलर राहिलाय. दुकानदार म्हणतो २४० चा लिक्विड (म्हणजे पाणी थंड करायचा रेडिएटर २४० एमएमचा) बास झाला, पुण्याचा मावसभाऊ म्हणतो ३६० च्या खाली बघूच नको. बजेट दहा हजार, ताणून बारा. मे महिन्यात दुपारी खोलीत ३९-४० होतं, एसी नाही, आणि नेमकी तेव्हाच लग्नसराई, एकेक रेंडर (एडिट केलेला व्हिडिओ तयार करून काढणं) पाऊण तास चालतो. पाणी गळून कार्डावर पडलं तर, ही पण भीती आहे खरंच, कार्ड हप्त्यावर घेतलंय.

मिरज_जंक्शन
भावा ३६० च घे. १४७००के वर बेस १२५ वॅट लिहिलेलं असतं पण टर्बोला, म्हणजे फुल स्पीडला, २५३ वॅटपर्यंत जातो, आणि कित्येक मदरबोर्ड तर वॅटचं लिमिट उघडंच ठेवतात. गेमला काही जाणवत नाही, रेंडरला २० च्या २० कोर एकदम जुंपले जातात तेव्हा कळतं.

आणि एक ध्यानात घे, लिक्विड कूलर म्हणजे एसी नव्हे, खोलीच्या हवेपेक्षा थंड तो करूच शकत नाही. २२ डिग्रीच्या खोलीत कुणी टेस्ट करून ७५ दाखवलं की तुझ्या ३९ च्या खोलीत त्यात १७ धरूनच चालायचं, झाले ९२. १०० ला प्रोसेसर स्वतःच स्पीड पाडतो. शिवाय पाणी तापायला वेळ लागतो, त्यामुळे पाच मिनिटांची टेस्ट बघून भुलू नको, पंधरा-वीस मिनिटांनी जो आकडा स्थिर होतो तोच खरा.

यार्डातला_मेकॅनिक
माझं मत वेगळं आहे. मार्केट यार्डात पेढ्यांवर पीसी दुरुस्तीला जातो, हळदीचा सीझन लागला की रेडिएटरच्या पट्ट्यांत असा पिवळा थर बसतो की ब्रशनं निघत नाही, ब्लोअर मारावा लागतो, तो पण पंख्याचं पातं बोटानं धरून, नाहीतर पंखा उलटा गरगरतो. गळती मी फार कमी बघितली. पंप बंद पडलेले मात्र बघितलेत, आणि पंप गेला की काम तिथंच थांबतं. लग्नाची डिलिव्हरी उद्या असताना काय करणार? बहुतेक लिक्विड कूलरमध्ये पाणी परत भरता येत नाही, नळ्यांतून वर्षानुवर्षं थोडं थोडं उडतच असतं. टॉवर कूलरचा (बिनपाण्याचा, नुसत्या पंख्यावर चालणारा) पंखा गेला तर कुठल्याही दुकानातला १२० चा पंखा लावून संध्याकाळी काम चालू. डीपकूलच्या एके६२० सारखा दोन टॉवरवाला घे आणि बायॉसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) प्रोसेसरला १८० वॅटचं लिमिट टाक.

विश्रामबाग_एडिटर
दादा डिलिव्हरीचं बोललात ते मनाला लागलं. पण उरलेले पैसे मी यूपीएसमध्येच घालणार होतो तसाही. आत्ता केस उघडून पट्टीनं मोजलं, वरच्या बाजूला रॅम आणि छत यात ५५ एमएम जागा आहे. बॉक्सवर नुसतं ३६० सपोर्ट लिहिलंय.

मिरज_जंक्शन
बरं केलंस मोजलंस ते, इथंच लोक फसतात. नेहमीचा रेडिएटर २७ एमएम, त्यावर पंखा २५, झाले ५२, तुझा बसतोय. पण आर्क्टिकच्या लिक्विड फ्रीझर ३ चा रेडिएटरच ३८ जाड आहे, पंख्यासकट ६३, तो वर बसणार नाही, तेवढा सोडून बघ.

वरच बसव. मी पहिल्यांदा रेडिएटर केसच्या तळाला बसवला होता, पंप सगळ्यात उंच राहिला आणि आतली हवा येऊन पंपातच अडकली, रात्री हेडफोन काढला की गुडगुड गुडगुड ऐकू यायचं, तसाच पंप आठ महिन्यांत गेला. रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच पाहिजे म्हणजे हवा तिथं जाऊन बसते. पंपाची वायर मदरबोर्डावरच्या पंप हेडरला लावून स्पीड फुल ठेव, कमीजास्त फक्त पंखे करायचे.

दादांचं लिमिटचं मात्र शंभर टक्के बरोबर. माझ्याकडं पण हाच प्रोसेसर, २५३ वरून १८० वर आणला तर पाऊण तासाच्या रेंडरला तीनेक मिनिटं जास्त लागली, आणि पंख्यांचा आवाज निम्म्यावर आला. आणि बोर्डाचं बायॉस आधी अपडेट कर, इंटेलच्या १३ व्या-१४ व्या पिढीला जास्त व्होल्टेज जाऊन प्रोसेसर खराब व्हायची जी भानगड होती त्याचा दुरुस्त मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम) २०२४ मध्ये आलाय, जुन्या बायॉसवर रेंडर लावूच नको.

यार्डातला_मेकॅनिक
३६० घेणारच असशील तर वॉरंटी किती वर्षांची ते बघून घे आणि बिल जपून ठेव. आणि एक साधा टॉवर कूलर घरात पडू दे, दोन-अडीच हजाराचा, लिमिट अजून खाली आणून रात्र निघून जाते.

विश्रामबाग_एडिटर
ठरलं मग, २७ वाला ३६०, आणि तो छोटा टॉवर पण घेतो, मावसभावाकडं जुना पडलाय म्हणतोय. बायॉस अपडेट आज रात्री, लाईट जाते का बघून. पत्र्याखाली थर्माकोलचं सीलिंग मारलं तर खोलीत दोन-चार डिग्री फरक पडतो का, कुणी केलंय?