जुन्या नाशकातल्या वाड्यात वाइन बार आणि रेस्टॉरंट: आधी काय तपासावं?

गोदाकाठ
जुन्या नाशकात गावठाणात शंभरेक वर्षांचा दुमजली वाडा भाड्याने मिळतोय. माती-विटांच्या जाड भिंती, सागवानी खांब आणि तुळया, मध्ये चौक, मागे परस, खाली तळघर. चाळीस खुर्च्या, वाइन फक्त नाशिक, दिंडोरी, इगतपुरी भागातल्या आणि जेवण आपलं, असा बेत आहे. मालक म्हणतात बार खाली ठेवा, बसायला माडी आणि बाटल्यांना तळघर वापरा. कंत्राटदाराने सगळीकडे सिमेंटचा गिलावा सुचवलाय. पहिला खर्च कशावर करू?

चुनागच्ची
सिमेंटचा गिलावा होऊ देऊ नका, बाकी सगळं नंतर. या भिंती जमिनीतली ओल ओढतात आणि अंगातून सोडतात. वर सिमेंट बसलं की ओल कोंडते आणि वर चढते, आत लोणा (भिंतीतला खार) साठतो. दोनेक पावसाळ्यांत गिलावा फुगून पडतो तो विटेचं तोंड सोबत घेऊनच. आधीचं सिमेंट असेल तर हलक्या हाताने छिन्नीने काढा, एक उन्हाळा भिंत उघडी वाळू द्या. मग चांगला मुरलेला चुना एक भाग, वाळू अडीच ते तीन भाग, दहा-बारा मिलिमीटरचे थर. प्रत्येक थर काही दिवस ओला ठेवायचा. वरून चुन्याचीच सफेदी. ऑइल पेंट लावला तर पुन्हा तेच दुखणं.

मग लाकूड. तुळई मधोमध बघून काही कळत नाही. ती कुजते भिंतीत शिरलेल्या टोकाला. तिथे हातोडीने ठोका. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर पेचकस टोचून बघा. तो लोण्यात शिरावा तसा आत गेला तर ते टोक गेलं. अख्खी तुळई बदलायची गरज सहसा नसते. खालून टेकू देऊन कुजका भाग कापायचा, सुक्या सागाचा तुकडा जोडायचा आणि दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या बोल्टने आवळायच्या.

माडीवर गिऱ्हाईक बसवू नका. घराच्या मजल्यासाठी चौरस मीटरला २०० किलो भार धरतात, रेस्टॉरंटसाठी ४००. त्यात किलचणीवर (तुळयांवरच्या लाकडी पट्ट्यांवर) सहा इंच माती असेल तर तिचंच वजन चौरस मीटरला अडीचशे किलोच्या घरात जातं. वर फरशी टाकली की आणखी भर. शिवाय वाड्याचा जिना भिंतीत, अरुंद आणि उभा; समोरून माणूस आला तर एकाला मागे फिरावं लागतं. आग लागली तर? माडी ऑफिस आणि कपड्यांपुरती ठेवा, तीही स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघितल्यावर. चाळीस खुर्च्यांना साठ चौरस मीटर लागतात. ओटी, सोपा आणि चौक मिळून तेवढी जागा निघते का, मोजा.

स्वयंपाकघर परसात, लाकडी छताखाली नको. सिलिंडर बाहेर जाळीत. वायरिंग लोखंडी पाइपातून, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीसह (वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच). मोरीच्या आधी तेल-तवंग अडवणारी टाकी हवीच, जुनं गटार तुपाने चोंदलं की वाडाभर वास.

शेनिन
तळघर गार लागतं म्हणून फसू नका. बाहेर चाळीस असताना आत सत्तावीस म्हणजे आपल्याला बरं, वाइनला नाही. तिला १२ ते १४ अंश लागतात आणि तेही स्थिर. आपल्याकडच्या शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाइन ताज्या प्यायच्या; उकाड्यात एक उन्हाळा काढला की फळाचा वास निघून जातो. पावसाळ्यात तळघरात ओल आली तर लेबलंही सुटतात.

तळमजल्यावर आठ बाय दहा फुटांची, पफ पॅनेलची (आत फोम भरलेले, उष्णता अडवणारे पत्रे) स्वतंत्र खोली करा, जुन्या भिंतीपासून चार इंच सोडून. चिकटवली तर मागे पाणी साचून भिंत भिजते. साधा एसी बहुधा सोळाच्या खाली जात नाही, कूलिंग युनिट वेगळं घ्या आणि त्याला जनरेटरची जोड द्या. वीस प्रकारच्या वाइन, प्रत्येकी बारा बाटल्या: सव्वा किलोच्या हिशोबाने ३०० किलो, रॅक वेगळे.

ग्लासने सहाच वाइन द्या. १५० मिलि म्हणजे बाटलीत पाच ग्लास. धंद्यातला ठोकताळा असा की पहिल्या ग्लासात बाटलीची खरेदी सुटावी, कारण चौथा-पाचवा कधी ओतून द्यावा लागतो. उघडली ती तारीख मार्करने मानेवर लिहा. पांढरी आणि लाल दोन्ही फ्रिजमध्ये, तीन दिवस. स्पार्कलिंग दुसऱ्या दिवसापर्यंत. लाल वाइन 'खोलीच्या तापमानाला' हे नाशकात एप्रिलमध्ये चालत नाही, १६ ते १८ अंशांवर द्या.

आणि काळ्या मसाल्याच्या मटणासोबत ओकच्या पिपात मुरवलेली कडक शिराझ (लाल वाइन) देऊ नका. तिखटाने तिचा तुरटपणा आणि दारूची जळजळ दोन्ही वाढतात. किंचित गोड शेनिन तिथे खरी कामाला येते. कोथिंबीर वडी, थालीपीठ यांना कोरडी सोव्हिन्यों.

नकाशावाला
डिपॉझिट देण्याआधी टेप काढा. दारूच्या परवान्याला देऊळ आणि शाळा यांच्यापासूनच्या अंतराचा नियम आहे आणि जुन्या नाशकात पावलापावलावर देऊळ. तिथे अडलं तर वरचा सगळा खर्च वाया. मग मालमत्ता पत्रक काढा; वाड्यावर सात-आठ नावं असतात, सगळ्यांची संमती आणि नोंदणीकृत करार हवा. राहत्या जागेचा वापर बदलून घ्या, वाडा हेरिटेज यादीत आहे का ते महापालिकेत बघा. एक्साइजला (दारूचे परवाने देणाऱ्या खात्याला) दिलेल्या नकाशात काउंटर आणि साठ्याची खोली जिथे दाखवाल तिथेच ठेवा. परमिट रूमचा एफएल-३ आणि फक्त बिअर-वाइनचा परवाना वेगवेगळे. व्हिस्की-रमसारखं स्पिरिट विकायचंच नसेल तर दुसरा बघा. बिलात जेवणावर जीएसटी लागतो, वाइन जीएसटीच्या बाहेर, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये रकाने पहिल्या दिवसापासून वेगळे.

गोदाकाठ
मग माडी आणि तळघर सोडतो. अंतर उद्याच मोजतो. चौकावर पत्रा टाकला तर चालेल का?

चुनागच्ची
पत्रा नको, पॉलिकार्बोनेट टाका, पण कडेने दीड फूट मोकळं ठेवून. चौकातून गरम हवा वर जाते म्हणूनच वाडा गार असतो. भार जुन्या तुळयांवर देऊ नका, लोखंडी खांब स्वतंत्र उभे करा. वीस बाय वीस फुटांच्या चौकावर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर १,८०० लिटरवर पाणी येतं. पन्हळ आणि पाइप त्या मापाचे घ्या, आणि पाणी पायाजवळ न सोडता गटारापर्यंत न्या.