मदत हवी आहे: थंडीत मेलामाइन पॉलिश पांढरं पडतंय, घर पौषाआधी द्यायचंय

गोदाकाठची_रेघ

नमस्कार मंडळी,

नाशिकमध्ये आमचं छोटं आर्किटेक्ट ऑफिस आहे. मी, नवरा आणि दोन ज्युनियर. पावसाळ्यात सुरू केलेली नूतनीकरणाची तीन घरं आता एकदमच शेवटाला आलीत. त्यातला कॉलेज रोडचा जुना बंगला सध्या झोप उडवतोय. मालकांना मार्गशीर्षातच वास्तुशांत उरकायची आहे, कारण एकदा पौष लागला की घरातली मोठी माणसं कशालाच हो म्हणणार नाहीत. पत्रिका वाटून झाल्यात. हातात ११ दिवस आहेत.

अडचण तळमजल्याच्या मास्टर बेडरूमची. वॉर्डरोबला सागाच्या वीनियरची (प्लायवर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर) सहा दारं आहेत. सीलरचे (पॉलिशखालचा, लाकडाची छिद्रं बुजवणारा थर) दोन हात झाले, वर मेलामाइनचा मॅट हात संध्याकाळी साडेसहाला गनने मारला. रात्री दिसायला छान होतं. सकाळी आठला खोली उघडली तर दारं दुधाळ. साबणाच्या पाण्याने पुसून तशीच वाळू दिल्यासारखी. कडांना जास्त, मध्ये ढग. पॉलिशवाले भाऊ म्हणाले, "मॅडम, थंडी पकडली." पॉलिशपेपरने घासून पुन्हा हात दिला, पुन्हा तेच.

कोडं असं की वरच्या मजल्यावर मुलाच्या खोलीत तोच डबा, तेच थिनर, तोच माणूस, आणि तिथे काहीच झालं नाही. ती खोली उत्तरेची, खिडकीला काचसुद्धा बसलेली नाही, आत शिरलं की हुडहुडी भरते. खालची खोली तर आम्ही मुद्दाम उबदार ठेवतोय.

मेलामाइनऐवजी पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) करून घ्यावं का? की मालकांना तारीख पुढे ढकला म्हणावं? काल त्यांच्या सूनबाई कौतुकाने म्हणाल्या, "हे व्हाइट वॉश फिनिश ना? मस्त दिसतंय." आम्ही गप्प बसलो.

पाणीपेपर

ताई, वीस वर्षं हेच करतोय. थिनर उडतं तेव्हा दार गार पडतं, माठातलं पाणी गार होतं तसंच. खोलीच्या हवेत ओल असेल तर ती त्या गार पृष्ठभागावर बसते आणि ओल्या पॉलिशमध्ये अडकते. तेच पांढरं दिसतं. आधी दोन गोष्टी बघा. गनला हवा देणाऱ्या कंप्रेसरच्या टाकीखालचा, साठलेलं पाणी काढायचा नळ रोज सोडतात का? नसतील तर गनमधून पाणीच मारताय. दुसरं, संध्याकाळी हात द्यायचाच नाही. अकरा ते तीन, बास. रिटार्डर मिळतं, ब्यूटाइल सेलोसॉल्व्ह म्हणून मागा. थिनर सावकाश उडतं, दार एवढं गार पडत नाही. पण कंपनीच्या पत्रकात असेल तेवढंच घाला, जास्त झालं तर चार दिवस चिकट राहील.

पीयूच्या नादी लागू नका. त्याचं हार्डनर ओलीशी जास्तच भांडतं, बारीक बुडबुडे येतात.

कुंदेवाडीचा_गहू

थंडी म्हणे! आमच्याकडे निफाडला या. २०१८ च्या डिसेंबरात आमच्या गहू संशोधन केंद्रात पारा १.८ वर आला होता. द्राक्षबागेत रात्रभर शेकोट्या पेटवून बसलो होतो, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून. तुमच्या दारांना पण शेकोटी करा 😀

गोदाकाठची_रेघ

@पाणीपेपर, धन्यवाद दादा. नळ रोज सोडतात, समोर उभी राहून सोडायला लावला, चमचाभर पाणी निघालं. रिटार्डर आज आणते. पण वरची खोली का वाचली ते अजून कळत नाही. तिथेही संध्याकाळीच मारलं होतं.

विनिपेगचा_स्वेटर

मूळचा पंचवटीचा, आता कॅनडात घरांच्या नूतनीकरणाच्या साइट बघतो. आमच्याकडे बाहेर फूटभर बर्फ आणि उणे पंचवीस आहे, तरी काम चालू आहे. पद्धत ठरलेली असते. बर्फाआधी छप्पर, खिडक्या, बाहेरची दारं लावून घर बंद करायचं आणि हिवाळाभर आतलं फिनिशिंग. बाहेरचा रंग, पायऱ्या वगैरे सगळं वसंतात. बर्फात सुतारकाम अडत नाही, पॉलिशही अडत नाही. तेव्हा थंडीला एवढा दोष देऊ नका.

मला एकच सांगा, खालची खोली "उबदार ठेवतोय" म्हणजे कशाने?

गोदाकाठची_रेघ

गॅसच्या शेगडीने. कारागिरांचा पाच किलोचा छोटा सिलिंडर आहे. हात द्यायच्या आधी तासभर लावतात, स्प्रे करताना बंद, आणि वास जरा कमी झाला की परत लावतात ते सकाळपर्यंत. खिडक्या बंद, धूळ बसू नये म्हणून. दोन रात्रींत सिलिंडर संपतो.

विनिपेगचा_स्वेटर

सापडलं. 

गॅस जळला की पाणी तयार होतं. एक किलो एलपीजी जळली की साधारण १.६ किलो वाफ. तुम्ही रात्रीला अडीच किलो जाळताय, म्हणजे चार लिटर पाणी खोलीत सोडताय. खोली १२ बाय १४ आणि उंची १० फूट धरली तर ४७-४८ घनमीटर हवा झाली. १५ अंशाला एक घनमीटर हवेत जेमतेम १३ ग्रॅम वाफ मावते, म्हणजे अख्ख्या खोलीत सहाशे ग्रॅमच्या आसपास. उरलेलं कुठे जाणार? सगळ्यात गार जागी. तुमचा वॉर्डरोब बाहेरच्या भिंतीला आहे का? वरची खोली वाचली, कारण तिथे कुणी पाणी उकळलं नाही.

आमच्याकडेही नवखे कंत्राटदार उघड्या ज्योतीचा हीटर लावतात आणि सकाळी काचांवरून ओघळ पुसत बसतात.

पाणीपेपर

अहो ताई!! थिनरचा वास असलेल्या बंद खोलीत शेगडी? वास्तुशांतीआधीच होम झाला असता. आधी ती बाहेर काढा, पॉलिशचं मागाहून बघू.

निवृत्त_साइट_इंजिनियर

आणि त्या खोलीत किंवा शेजारी कारागीर झोपत असतील तर आज रात्रीच थांबवा. गॅस असो की कोळसा, बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नसतो. झोपलेल्या माणसाला कळत नाही.

ऊब हवीच असेल तर विजेचा ऑइल हीटर लावा, तो पाणी सोडत नाही. तेही नुसती हवा नाही, दारं कोमट झाली पाहिजेत. पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं) निदान ३ अंश वर हवा, रंगकामाचाही हाच नियम. अजून एक: वॉर्डरोबमागच्या भिंतीला नवीन प्लास्टर आहे का? हातभर प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेप लावून दिवसभर ठेवा. आतून घाम आला तर भिंतच ओली आहे.

गोदाकाठची_रेघ

शेगडी काल रात्रीच बाहेर गेली. दोघं कारागीर त्याच मजल्यावर झोपत होते, हे लिहिताना अंगावर काटा येतोय. ही देखरेख आमची होती, कारागिरांची नाही.

आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणलं. शेगडी काढण्याआधी सहज मोजलं: खोली १९ अंश, आर्द्रता ८६ टक्के, म्हणजे दवबिंदू साडेसोळाच्या आसपास. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं वॉर्डरोबचं दार १५ अंश, म्हणजे दवबिंदूच्याही खाली. वरच्या गार खोलीत १४ अंश आणि ५२ टक्के. नवरा म्हणाला, हे यंत्र आधी घेतलं असतं तर सहा दारांचं मेलामाइन वाचलं असतं. त्याला म्हटलं, शेगडीची आयडिया कुणाची होती?

प्लास्टिकची चाचणी केली, भिंत कोरडी निघाली.

गोदाकाठची_रेघ

(पाच दिवसांनी) अपडेट. दोन दिवस खिडक्या दुपारी उघड्या, ऑइल हीटर सकाळी नऊपासून. थोडा रिटार्डर घालून दुपारी साडेबाराला हात दिला. चार दारं पेपर मारून एका हातात स्वच्छ आली. उरलेल्या दोन दारांचा पांढरेपणा खाली सीलरमध्येच अडकला होता, ती पार सीलरपर्यंत उतरवावी लागली. वीनियर कागदाएवढं पातळ, कडेला एका जागी प्लाय दिसलाच. तिथे आता हँडल येतंय, सूनबाईंना सांगितलंय की ते डिझाइनमध्येच होतं.

पॉलिशवाले भाऊ चहा आता अंगणात करतात.

विनिपेगचा_स्वेटर

हँडल दुसऱ्या बाजूच्या दारालाही त्याच उंचीवर लावा, नाहीतर सूनबाई विचारतील.