मदत हवी आहे : आईचा आमवात आणि हृदयाच्या रक्ततपासण्या

नमस्कार मंडळी. आम्ही दारव्ह्याजवळच्या खेड्यातले. आईला 9 वर्षांपासून रुमेटॉइड आमवात आहे. सकाळी बोटं इतकी आखडतात की भाकर थापता येत नाही. यंदा कापूस वेचायलाही गेली नाही. मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध चालू आहे, दर शनिवारी. या आजारात हृदयविकाराचा धोका साधारण दीडपट असतो हे कळल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. तिचं सीआरपी (अंगातली सूज, म्हणजे आतला दाह, दाखवणारी रक्ततपासणी) 28 म्हणजे वाढलेलं आलं, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) मात्र 82, म्हणजे दिसायला ठीक. अंगात सूज असली की कोलेस्टेरॉल उलट कमी दिसतं, मग या 82 वर विसंबायचं कसं? अपो-बी (वाईट कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांचं मोजमाप), लिपोप्रोटीन-ए (आनुवंशिक धोका दाखवणारा कोलेस्टेरॉलचा कण), एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी) यांतली कोणती तपासणी तुमच्या डॉक्टरांनी आधी सांगितली? यवतमाळ-नागपूरकडे संधिवाततज्ज्ञ आणि हृदयतज्ज्ञ दोघांनाही दाखवलेलं कुणी असेल तर कृपया सांगा.